काळजी आणि शरीराची तगाई

धार काढतांना गाय बिथरली म्हणजे पान्हा चोरते, हा अनुभव गोठ्यांत वावरणाऱ्या प्रत्येकास आहे. अनोळखी माणूस जवळ आला, कुत्रें अंगावर धांवलें, कोणी दांडकें उगारलें, कीं कासेंत दूध असूनहि तें हातीं लागत नाहीं. आपण गाईस द्वाड म्हणून मोकळे होतों. परंतु यांत गाईचा कांहीं अपराध नसतो. १९४१ सालीं अमेरिकेंतील ईली व पीटरसन या दोन शास्त्रज्ञांनीं याची परीक्षा पाहिली. धारेच्या वेळीं त्यांनीं गाईच्या पाठीवर मांजर ठेवलें व दर दहा सेकंदांनीं कागदी पिशव्या फोडून आवाज केला. गाय भ्याली आणि दूध आटोपतें आलें. पुढें भीति न दाखवितां त्यांनीं गाईस अ‍ॅड्रिनॅलिन नांवाचें द्रव्य टोंचून पाहिलें, तेव्हांहि पान्हा तसाच अडला. भीतीच्या प्रसंगीं हें द्रव्य गाईच्या रक्तांत आपोआप उतरतें आणि पान्हा अडवितें, हें त्यावरून स्पष्ट झालें.

हेंच द्रव्य गाईच्या धन्याच्या रक्तांतहि आहे. गाईची भीति घटकाभराची असते; कुत्रें निघून गेलें कीं ती पुन्हा रवंथ करूं लागते. धन्याची भीति मात्र पेरणीपासून खळ्यापर्यंत आणि खळ्यापासून कर्जाच्या हप्त्यापर्यंत चालूं राहते. तिचा त्याच्या प्रकृतीवर आणि वागणुकीवर काय परिणाम होतो, हें आज वाचकांपुढें मांडण्याचें आम्ही योजिलें आहे. शेतीच्या मासिकांत या विषयास जागा कशाला, असें कोणी विचारील. माती, बीं, खत, पाणी यांविषयीं आपण दर महिन्यास वाचतों. परंतु कोणतें बीं घ्यावें, माल केव्हां विकावा, कर्ज किती काढावें हें जें डोकें ठरवितें, तें ठिकाणावर नसेल तर बाकीचें सर्व ज्ञान फुकट जातें. म्हणून हा विषय शेतीचाच आहे, असें आम्ही समजतों.

दोन लहान ग्रंथि

मनुष्याच्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी एकेक ग्रंथि बसलेली असते. तिला अधिवृक्क ग्रंथि म्हणतात. एकेकीचें वजन अवघें ४ ते ५ ग्रॅम. परंतु तिच्यावांचून मनुष्य जगत नाहीं. लंडनचे वैद्य थॉमस अ‍ॅडिसन यांनीं १८५५ सालीं दाखवून दिलें कीं, ज्यांच्या या ग्रंथि रोगानें नासल्या ते दिवसेंदिवस क्षीण होत जातात, त्यांची कातडी काळवंडते आणि शेवटीं त्यांस मृत्यु येतो.

या ग्रंथींचे दोन भाग आहेत. आंतील गाभ्यांतून अ‍ॅड्रिनॅलिन स्रवतें. जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनीं १९०१ सालीं जनावरांच्या ग्रंथींतून तें शुद्ध स्वरूपांत वेगळें केल्याचें जाहीर केलें. बाहेरच्या सालींतून कॉर्टिसॉल व इतर कांहीं द्रव्यें निघतात. या सालीच्या द्रव्यांवरील संशोधनाबद्दल केंडॉल, राइखस्टाइन आणि हेंच या तिघांस १९५० चें नोबेल पारितोषिक मिळालें. ग्रंथींतून रक्तांत उतरून दूरच्या अवयवांस हुकूम पोंचविणाऱ्या अशा द्रव्यांस संप्रेरक किंवा हार्मोन म्हणतात. प्रस्तुत लेखांत आपणांस अ‍ॅड्रिनॅलिन व कॉर्टिसॉल या दोहोंशींच काम आहे.

संकटकाळची उचल

दुष्काळांत किंवा अडचणींत बीं-बैलांसाठीं सरकार शेतकऱ्यास जी उचल देई, तिला तगाई म्हणत. १८८३ व १८८४ च्या कायद्यांनीं ती दिली जात असे. शब्द आतां मागें पडला, तरी जुन्या माणसांच्या तोंडीं तो अद्याप आहे. शरीरहि संकटांत अशीच तगाई काढतें. फरक इतकाच कीं, ती सरकारी खजिन्यांतून येत नाहीं. शरीराच्या स्वतःच्याच कणगींतून येते.

रात्रीं पिकास पाणी देतांना पायाशीं साप सळसळला, असें समजा. विचार सुचण्यापूर्वींच आपण चार हात मागें उडी घेतों. त्या क्षणीं अ‍ॅड्रिनॅलिन रक्तांत उतरलेलें असतें. छाती धडधडूं लागते, श्वास जलद होतो, यकृतांतील साखर रक्तांत येते, पोटाकडील रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतें. हार्वर्ड विद्यापीठाचे वॉल्टर कॅनन यांनीं १९१५ सालच्या आपल्या ग्रंथांत या स्थितीचें सविस्तर वर्णन केलें: शत्रूशीं झुंजण्याची किंवा पळ काढण्याची ही शरीराची सिद्धता होय.

कॉर्टिसॉल मागाहून येतें. मेंदूंतून पोष-ग्रंथीस आणि पोष-ग्रंथीकडून अधिवृक्क ग्रंथीस असा हुकूम टप्प्याटप्प्यानें पोंचतो, आणि सुमारें वीस ते तीस मिनिटांत रक्तांतील कॉर्टिसॉल सर्वांत वर चढतें. खर्च झालेली साखर भरून काढणें हें त्याचें मुख्य काम. त्यासाठीं तें स्नायूंतील प्रथिनें मोडून यकृताकडून साखर करविते. शिवाय सूज आणणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींस तें आवर घालतें, आणि शरीराची वाढ, झीज भरून काढणें, प्रजनन हीं कामें पुढें ढकलतें. घरास आग लागली असतां कोणी गोठा शाकारीत बसत नाहीं, तसाच हा प्रकार आहे.

संकट टळलें म्हणजे हुकूमहि थांबतो. वाफा भरला कीं पाणी धरणारा माणूस दारें मोडून पाणी दुसरीकडे वळवितो. त्याचप्रमाणें रक्तांत कॉर्टिसॉल पुरेसें झालें हें मेंदूस कळतें आणि तो आपला हुकूम मागें घेतो. तास-दीड तासांत सर्व पूर्ववत् होतें, तगाईची फेड होते. यांत अपाय कांहीं नाहीं. उलट हीच व्यवस्था आपला जीव वाचविते. दररोज सकाळीं जागें झाल्यावर अर्ध्या तासांत कॉर्टिसॉल वर चढतें व दिवसाच्या कामास अंग तयार करतें, आणि मध्यरात्रीच्या सुमारास तें सर्वांत खालीं उतरतें, हा निरोगी शरीराचा रोजचा क्रम आहे. तेव्हां कॉर्टिसॉलास शत्रु मानणें बरोबर होणार नाहीं.

तगाई थकली म्हणजे

खरी अडचण पुढें आहे. साप निघून जातो. काळजी जात नाहीं. एका जिरायत शेतकऱ्याचें उदाहरण कल्पनेनें घेऊं. मृगांत पेरणी झाली, पावसानें ओढ दिली, दुबार पेरणीसाठीं उसनवार झाली. पीक हातीं येण्याच्या सुमारास भाव उतरला. मागील कर्जाची नोटीस कपाटांत आहे आणि मुलाच्या कॉलेजची फी दिवाळीपूर्वीं भरावयाची आहे. यांत पळून जाण्याजोगा किंवा झुंज घेण्याजोगा शत्रु कोठेंच दिसत नाहीं. तथापि शरीरास इतकेंच समजतें कीं संकट आहे, आणि तें कणगी उघडीच ठेवतें. साऱ्या वर्षभर बियाणें मोडून खाणाऱ्या घराची जी गत होते, तीच या शरीराची होते.

मॉन्ट्रियल येथील हान्स सेल्ये यांनीं १९३६ सालीं उंदरांवरील प्रयोगांत हेंच पाहिलें. थंडी, जखम, अतिश्रम, विषारी द्रव्य असे निरनिराळे जाच दिले तरी उंदरांच्या शरीरांत दिसणारे फेरफार एकसारखेच होते: अधिवृक्क ग्रंथि फुगलेल्या, रोगप्रतिकारास उपयोगी अशी छातींतील ग्रंथि आकसलेली आणि जठरांत व्रण पडलेले. 'ताण' या कल्पनेचा वैद्यकांतील प्रवास येथून सुरू झाला.

मनुष्यांतहि दीर्घकाळच्या ताणाचे परिणाम आतां पुष्कळ अभ्यासिले गेले आहेत. रक्तदाब चढा राहतो, रक्तांतील साखर वाढूं लागते, चरबी पोटाभोंवतीं सांचते, झोंप तुटक होते. जखमा भरण्यास उशीर लागतो. १९९५ सालीं अमेरिकेंतील ओहायो येथील संशोधकांनीं, स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगाची सेवा करणाऱ्या स्त्रियांची व तशी जबाबदारी नसलेल्या स्त्रियांची तुलना केली. हातावर केलेली तीच लहानशी जखम भरून येण्यास पहिल्या गटास सरासरी ९ दिवस अधिक लागले. विळा-कोयत्याशीं ज्यांचा रोजचा संबंध, त्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

पावसाची ओढ कॉर्टिसॉलापर्यंत कशी पोंचते याचाहि पुरावा आहे. आपल्याप्रमाणेंच पावसावर अवलंबून असणाऱ्या आफ्रिकेंतील केनया देशांतील शेतकऱ्यांच्या लाळेंतील कॉर्टिसॉल संशोधकांनीं मोजलें. शेमँ, द लात व हाउसहोफर यांनीं २०१३ सालीं मांडलेला निष्कर्ष असा कीं, ज्या भागांत आदल्या वर्षीं पाऊस कमी झाला तेथील शेतकऱ्यांत कॉर्टिसॉल अधिक आढळलें, आणि ज्यांचें पोट निव्वळ शेतीवर होतें त्यांच्यांत हा परिणाम अधिक ठळक होता. ज्यास जोडधंदा आहे त्याचें शरीरहि अवर्षणांत कमी भितें, असा याचा अर्थ घेतां येईल.

मात्र येथें एक खुलासा करणें अवश्य आहे. ताण फार दिवस राहिला म्हणजे कॉर्टिसॉल नेहमीं चढेंच सांपडतें असें नाहीं. कित्येकांत सकाळची चढ व रात्रीची उतार हा क्रमच सपाट होतो, तर कित्येकांत तें नेहमीपेक्षां कमी भरतें. म्हणून एकदां रक्त तपासून 'तुमचा ताण इतका आहे' असें सांगणाऱ्यांवर, किंवा कॉर्टिसॉल उतरविण्याच्या भुकट्या विकणाऱ्यांवर वाचकांनीं विश्वास ठेवूं नये.

वागणुकीवर व निर्णयावर परिणाम

प्रकृतीची झीज डॉक्टरास दिसते. बुद्धीची झीज सहसा कोणास दिसत नाहीं. मेंदूंत स्मरणाचें व भावना आवरण्याचें काम करणारे जे भाग आहेत, त्यांवर कॉर्टिसॉलाचा अंमल विशेष चालतो. त्यामुळें काळजींत बुडालेला मनुष्य विसराळू होतो, क्षुल्लक कारणावरून बायकोपोरांवर खेंकसतो, बैलावर चाबूक ओढतो, आणि मागाहून स्वतःसच दोष देतो. झोंप यावी म्हणून कोणी दारूकडे वळतो. दारूनें आलेली झोंप अर्धवट असते, आणि दुसऱ्या दिवशींची काळजी मात्र पुरती असते.

निर्णयाविषयीं एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. केंब्रिज येथील संशोधकांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत स्वयंसेवकांस आठ दिवस औषध देऊन त्यांचें कॉर्टिसॉल ६९ टक्क्यांनीं वाढविलें आणि त्यांस पैशाचे जोखमीचे पर्याय निवडावयास दिले. सुरवातीस फरक दिसला नाहीं. परंतु आठ दिवसांनंतर तेच लोक जोखमीस पूर्वींपेक्षां अधिक कचरूं लागले. आपल्याकडे नवें बीं न घेणारा, ठिबकाचा खर्च टाळणारा शेतकरी 'मागासलेला' म्हणून हिणविला जातो. त्याचें कचरणें कित्येकदां त्याच्या मतांतून न येतां त्याच्या रक्तांतून येत असेल, हें हिणविणाऱ्यानें लक्षांत घ्यावें.

तामिळनाडूंतील ऊस-बागायतदारांवरील अभ्यास तर आपल्या अगदीं जवळचा आहे. मणि, मुल्लैनाथन, शफीर व झाओ यांनीं २०१३ सालीं तो प्रसिद्ध केला. विलुप्पुरम् व तिरुवन्नमलै जिल्ह्यांतील ४६४ शेतकऱ्यांची बुद्धीची तीच चांचणी ऊस तुटण्यापूर्वीं, म्हणजे हात आखडलेला असतांना, आणि उसाचे पैसे हातीं आल्यावर अशी दोनदां घेतली. मनुष्य तेच होते, तरी तोडणीपूर्वीं त्यांचे गुण कमी भरले. त्या काळांत त्यांची नाडी व रक्तदाबहि अधिक होते. परंतु सर्व फरक ताणानें उलगडत नाहीं, असें संशोधकांनीं स्वतःच नमूद केलें आहे. त्यांच्या मतें पैशाची विवंचना मनाची जागाच व्यापून टाकते व इतर विचारास जागा उरत नाहीं. कारण कोणतेंहि असो, शेतकऱ्यास वर्षांतील सर्वांत कठीण सौदे नेमके अशा वेळीं करावे लागतात कीं, ज्या वेळीं त्याचें डोकें सर्वांत कमी मोकळें असतें. आमच्या मतें या सर्व अभ्यासांतून शेतकरी-संघांनीं घ्यावयाचा मुख्य धडा हाच आहे.

पुड्यांपासून सावध

याच संदर्भांत एक धोका सांगितला पाहिजे. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन हीं औषधें कॉर्टिसॉलाचींच भावंडें आहेत. दमा, सांधेदुखी व इतर कित्येक रोगांवर जाणता डॉक्टर तीं मोजून-मापून देतो आणि त्यांनीं जीवहि वाचतात. परंतु गुडघेदुखीवर 'रामबाण' म्हणून खपणाऱ्या बिननांवाच्या पुड्यांतून तींच औषधें कित्येकदां पोटांत जातात. चार दिवसांत दुखणें थांबतें, भूक वाढते, अंग भरल्यासारखें दिसतें आणि पुडीची कीर्ति गांवभर होते. पुढें चेहरा सुजतो, हाडें ठिसूळ होतात, साखर व रक्तदाब चढतात. याहून वाईट असें कीं, बाहेरून माल मिळूं लागल्यामुळें शरीराच्या ग्रंथि आपलें काम सोडून स्वस्थ बसतात. अशा वेळीं पुडी एकाएकीं बंद केली तर रक्तदाब कोसळून प्राणावर बेततें. तेव्हां अशी पुडी सुरूं करूं नये. आणि बरेच दिवस चालूं असल्यास ती स्वतःच्या मनानें तोडूं नये. पुडीसह डॉक्टरांकडे जावें व तीं हळूहळू कमी करवून घ्यावी.

काय करावें

घरच्या उपायांत पहिला उपाय झोंपेचा. हिशेबाची वही, नोटिसा, देण्याघेण्याचीं बोलणीं दिवसा उरकावीं. रात्रीं अंथरुणावर कर्जाची उजळणी करूं नये. मध्यरात्रीं कॉर्टिसॉल उतरावयास हवें, त्याच वेळीं आपण त्यास हांका मारून उठवितों. दुसरा उपाय, मोठा सौदा एकट्यानें व एका दिवसांत करूं नये. माल विकणें, जमीन गहाण टाकणें, नवें कर्ज काढणें यांचें टिपण करावें, तें घरच्या मंडळींस वाचून दाखवावें, एक रात्र जाऊं द्यावी आणि मग होय किंवा नाहीं म्हणावें. घरांतील स्त्रियांस आंकडे सांगावे. त्यांना काळजी तर असतेच, मात्र कशाची तें ठाऊक नसतें, आणि आंधळी काळजी अधिक जाचते. तिसरा उपाय, बोलणें. पारावर, देवळांत, भजनांत चार माणसांत बसल्यानें कर्ज फिटत नाहीं हें खरें. परंतु शरीरास संकटांत आपण एकटे नाहीं हें कळतें, आणि तेवढ्यानेंहि त्याची धडधड कमी होते.

तथापि सर्व भार एकट्या शेतकऱ्यावर टाकणें अन्यायाचें होईल. काळजीचें मूळ त्याच्या मनांत नसून त्याच्या व्यवहारांत आहे, म्हणून संघानें व्यवहारास हात घातला पाहिजे. पेरणीपूर्वीं कर्ज वेळेवर मिळालें, विम्याचे कागद सभासदाबरोबर बसून भरले गेले, भाव पडला असतां माल ठेवण्यास जागा व त्यावर उचल मिळाली, तर तो माणूस घायकुतीस येऊन सौदा करणार नाहीं. महाराष्ट्र राज्य कृषि पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून याच हेतूनें चालविली गेली आहे. तिची माहिती आपल्या बाजार समितींत विचारून प्रत्येक संघानें सभासदांस द्यावी.

काळजी मर्यादेबाहेर गेल्याचीं चिन्हेंहि ओळखावीं. दोन आठवड्यांहून अधिक झोंप नसणें, अन्नावरची वासना उडणें, कामांतून मन निघणें, माणसांस टाळणें, 'माझ्यामुळें सर्वांस भार झाला' असें बोलणें, हीं चिन्हें आजाराचीं आहेत, नामर्दाईचीं नव्हेत. असें बोलणाऱ्यास हंसून उडवूं नये व एकटें सोडूं नये. जीव नकोसा झाला आहे काय, हें स्पष्ट विचारण्यास भिऊं नये. विचारल्यानें तो विचार मनांत पेरला जात नाहीं, उलट मनावरील दडपण उतरतें. घरांतील कीटकनाशकें कुलुपांत व दुसऱ्याच्या ताब्यांत ठेवावीं. कठीण घटका टळली म्हणजे पुष्कळांचे प्राण वांचतात. केंद्र सरकारनें १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू केलेल्या 'टेलि-मानस' सेवेचा क्रमांक १४४१६ हा असून तेथें रात्रंदिवस विनामूल्य बोलतां येतें, मराठींतूनहि बोलतां येतें. तो क्रमांक संघाच्या कचेरींत व दूध-संकलनाच्या ठिकाणीं मोठ्या अक्षरांत लावावा.

अशा प्रयत्नांस फळ येतें काय, अशी शंका कोणास येईल. विदर्भांतील अमरावती जिल्ह्यांतील ३० गांवांत 'विश्राम' नांवाचा उपक्रम १८ महिने चालला. गांवांतल्याच माणसांस शिकवून तयार केलें आणि त्यांनीं घरोघर जाऊन खिन्नतेच्या आजाराविषयीं लोकांशीं बोलणें सुरू केलें. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणें, हा आजार असलेल्यांपैकीं उपचार घेणाऱ्यांचें प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलें. शहरांतून मोठा डॉक्टर येण्याची वाट पाहत बसावें लागलें नाहीं. शेजाऱ्यानें शेजाऱ्याचें दार ठोठावलें.

गाय पान्हा चोरूं लागली म्हणजे समंजस गवळी तिला मारीत नाहीं. तो कुत्र्यास हांकलतो, अनोळखी माणसास दूर करतो, गाईच्या पाठीवर हात फिरवितो आणि थोडा वेळ थांबतो. आपल्या शेजारचा शेतकरी चिडचिडा झाला, हिशेब चुकूं लागला, सभेस येईनासा झाला, तर त्यास आळशी किंवा तिरसट ठरविण्यापूर्वीं त्याच्या दाराशीं कोणतें संकट उभें आहे तें पाहावें, आणि तें हांकलण्यास आपला एक हात लावावा. प्रत्येक गांवच्या सभासदांनीं पुढील मासिक बैठकींत निदान एवढें ठरवावें कीं, या हंगामांत ज्यांचें पीक बुडालें किंवा हप्ता थकला, अशा प्रत्येक घरीं दोघांनीं जाऊन बसावयाचें. एवढ्यास पैसा लागत नाहीं, सरकारी मंजुरी लागत नाहीं. एक संध्याकाळ मात्र लागते.